देवाचा पीळ

जुलैची चार तारीख होती. साल लिहीत नाही. माझा मॅट्रिकचा निकाल लागून तीन आठवडे झाले होते, एवढं पुरे. त्या दिवशी सकाळी मला एका परदेशी गाडीच्या गिअरबॉक्सचं पॅकिंग कापायचं होतं. गिअरबॉक्सच्या खाली पत्र्याचं उथळ भांडं असतं, भाकरीच्या परातीएवढं, त्यात तेल साठतं. गॅरेजात त्याला चेंबर म्हणतात. ते वरच्या धडाला चौदा लहान बोल्टांनी आवळलेलं होतं. लोखंडाला लोखंड कितीही घट्ट भिडवलं तरी तेल मधून वाट काढतंच, म्हणून दोघांच्या मध्ये चेंबरच्या काठाच्या आकाराची एक पट्टी घालायची. ती पट्टी म्हणजे पॅकिंग. कागदाची घाला, रबराची घाला, बुचाची घाला. कुठल्या जागी कशाची घालायची हे ज्याला कळतं त्याच्या गाडीखालची जमीन कोरडी राहते. मला ते कळत होतं, आणि हे सांगताना मी आजही नम्रपणा करणार नाही.

आमचं गॅरेज उद्यमनगरात होतं आणि घर गॅरेजच्या मागे. मध्ये एक दार, त्याला पडदा म्हणून ट्रकच्या ताडपत्रीचा तुकडा. ताडपत्रीच्या अलीकडे आईची चूल आणि पलीकडे आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, खड्डा, ज्यात उतरून ते गाडीचं पोट उघडत. त्यामुळे आमच्या घरात मिरचीचा खर्डा कुटल्याचा ठसका आणि रॉकेलचा वास यांत कधी भांडण झालं नाही. दोन्ही एकत्रच नाकात जात. शेजारी लेथ, समोर लोखंड ओतायची ओतशाळा. ओतशाळेत भट्टीचं तोंड फोडून रस सोडला की आमच्या मांडणीवरची पितळी भांडी किणकिणत आणि आई हात न थांबवता कोपरानं मांडणी दाबून धरी. जेवायची वेळ आम्हाला कारखान्याच्या भोंग्यानं कळे. सकाळी दहाला जेवण, ज्वारीची भाकरी, खर्डा, वरून गोडं तेल, आणि आठवड्यातून दोनदा अख्खा मसूर. आबांच्या बोटांच्या भेगांत तेल कायमचं मुरलेलं होतं. भाकरी मोडताना तिच्यावर काळे ठसे उमटत. आम्ही ते बघूनच मोठे झालो, म्हणून पहिल्यांदा दुसऱ्याच्या घरी जेवले तेव्हा मला पांढऱ्या भाकरीचंच नवल वाटलं.

पॅकिंगचं काम माझ्याकडे आलं ते मी तिसरीत असताना, आणि आलं ते पोरीची जात म्हणून. खड्ड्यात उतरायचं नाही, गाडीखाली झोपायचं नाही, गिऱ्हाइकासमोर यायचं नाही. पण घरात बसून कात्रीनं कागद कापला तर कोणाला हरकत नव्हती. आई तांदूळ निवडे त्याच घोंगड्यावर बसून मी पॅकिंग कापे. जाड कागद लोखंडाच्या काठावर ठेवायचा आणि गोल तोंडाच्या हातोडीनं काठाकाठानं टकटक करत जायचं; लोखंडाची धारच कागद कापते. भोकं पाडायला आबांनी चपला करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून पोकळ तोंडाचं हत्यार आणून दिलं होतं. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा वसंतादादा, त्याला या कामाचा कंटाळा. त्याचं भोक नेहमी सुताएवढं सरकलेलं असे. हळूहळू असं झालं की लेथवाले, पंपवाले, अगदी पलीकडच्या गल्लीतले मिस्त्रीसुद्धा लोखंडाचा तुकडा घेऊन येत आणि ताडपत्रीपाशी उभे राहून म्हणत, "शालन हाय काय? जरा ह्याचं एक कापून दे की." मी कोणाला दिसायचं नाही, पण माझं पॅकिंग मात्र हवं.

आमच्याकडं मुलीही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. बाहेरगावची माणसं याला हसतात. लग्नानंतर पुण्याच्या एका नातेवाईक बाईंनी मला त्यावरून चारचौघांत विचारलं होतं, तुमच्याकडं बायका स्वतःला पुरुष समजतात का म्हणून. मी म्हटलं, समजत नाही, नुसतं बोलतो.

गाडीचे मालक जयसिंगपूरचे तंबाखूचे व्यापारी होते. सगळे त्यांना शेट म्हणत, मीही तसंच म्हणते. भारत सोडून चाललेल्या कोणा साहेबाकडून त्यांनी ती मुंबईत घेतली होती. लांबलचक, आकाशी रंगाची, आणि तिला क्लच नव्हता. गिअर आपले आपण पडत. आमच्या अख्ख्या रांगेत कोणी असली गाडी उघडलेली नव्हती. गिअरबॉक्सातलं तेल तांबडं, पाण्यासारखं पातळ, आणि ते खालून गळत होतं. आधी सांगलीच्या कोणा मिस्त्रीनं चेंबर काढून मूळचं पॅकिंग फाडलं होतं आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून घातली होती. ती तेलात फुगून शेवयांसारखी बाहेर आली होती. शेट वैतागून आबांकडं आले कारण आबांचं नाव होतं. "मिस्त्रींचा नट सुटत न्हाई," असं पन्हाळ्यापासून निपाणीपर्यंतचे ट्रकवाले म्हणत.

ते नाव कशामुळं होतं, हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. आबा बोल्ट आवळत आणि आवळून झाला, आता हलत नाही असं झालं, की पाना न काढता एक क्षण थांबत. ओठातल्या ओठात 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' म्हणत आणि आणखी एक पीळ देत. हा देवाचा पीळ. हे त्यांना त्यांच्या वस्तादानं शिकवलं होतं, त्या वस्तादाला त्याच्या वस्तादानं. माणूस आवळतो ते माणसापुरतं, शेवटचा पीळ देवाचा. तो दिल्याशिवाय कुठलीही गाडी आमच्या दारातून बाहेर गेली नाही. ट्रकच्या चाकाला, स्प्रिंगच्या पाट्याला, इंजिनाच्या डोक्याला हा पीळ मानवतोच. दणकट लोखंड आणि जाड बोल्ट असेल तिथं तो खरोखरच देवासारखा धावून येतो. दादा लहानपणी पाण्याच्या नळालाही देवाचा पीळ द्यायचा आणि मग आईला तोटी उघडत नसे.

मी चेंबर रॉकेलनं धुऊन उन्हात आणलं आणि त्याच्या काठाला डोळा लावला. काठ सरळ नव्हता. सांगलीच्या मिस्त्रीनं इतकं आवळलं होतं की प्रत्येक भोकाभोवती पत्रा वर उचलला गेला होता, आणि दोन भोकांच्या मधला भाग खाली बसला होता. म्हणजे नदीकाठसारखं, चौदा उंचवटे आणि चौदा खळगे. मी लाकडाच्या ओंडक्यावर तो काठ उलटा ठेवला आणि एकेक उंचवटा हातोडीनं बसवला. सकाळ त्यातच गेली. तरी तो आरशासारखा झाला नाही, होणारही नव्हता. कागदाचं पॅकिंग सपाट लोखंडाला चालतं. त्याला खळगा भरता येत नाही. रबराचं काय झालं होतं ते समोर दिसतच होतं. उरलं बूच. बुचाचा पातळ तक्ता मऊ असतो, काठ जिथं वर तिथं दबतो आणि जिथं खाली तिथं फुगून बसतो. पण बुचाचा स्वभाव लाडक्या लेकीसारखा. हलकं धरलं तर जन्मभर साथ देईल, दाबलं तर फाटेल. कोरडं असताना तर वाकवलं तरी मोडतं. म्हणून मी आधी कागदाचा नमुना कापला, तो बुचावर ठेवून पेन्सिलीनं काढला, दाढीच्या पात्यानं कापलं, भोकं पाडली, आणि कोमट पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं.

आबा दुपारी चहाला आत आले तेव्हा मी त्यांना तीनही तुकडे दाखवले आणि बूचच का, ते सांगितलं. ते बराच वेळ चेंबरच्या काठावरून अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, "बशिवणार कोण? हे तुलाच कळतंय." मी म्हणाले, मी बसवतो. आईनं मान वर केली. आबांनी थोडा विचार केला आणि सांगितलं की दुपारी रांगेतली माणसं जेवून आडवी होतात, तेव्हा उतर खड्ड्यात, कोणी बघणार नाही.

आता फॉर्मचं सांगते. पॉलिटेक्निकचा फॉर्म मी शाळेतल्या आमच्या बाईंकडून मागवून घेतला होता. माझे गणिताचे मार्क दादाच्या सगळ्या विषयांच्या बेरजेशी भांडतील असे होते. यंत्राच्या शाखेला आदल्या वर्षी एकही मुलगी नव्हती, हे बाईंनी मला आधीच सांगितलं होतं. फॉर्म पुरा भरलेला होता, फक्त शेवटच्या पानावर पालकाची सही राहिली होती. चौदा जुलै शेवटची तारीख. आबा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. फॉर्म दोन आठवडे मांडणीवर, मिठाच्या बरणीखाली पडला होता. गडहिंग्लजचं एक स्थळ दरम्यान चालू होतं. त्या चहाच्या वेळी मी तो बरणीखालून काढला आणि त्यांच्यापुढं धरला. ते हसले. क्वचित हसत, पण हसत तेव्हा खरं हसत. म्हणाले, "शेटची गाडी आठ दिस सुकी ऱ्हाऊ दे. एक थेंब पडला न्हाई तर सही करतो. बोललो म्हंजे बोललो." त्यांनी ते आईसमोर आणि दादासमोर म्हटलं. आमच्या घरात कागदापेक्षा यालाच किंमत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दादाची जुनी विजार घालून खड्ड्यात उतरले. लोकांना वाटतं असल्या जागी भीती वाटत असेल. खड्ड्यात गार असतं आणि कोणी हाक मारत नाही, मला आयुष्यात इतकं निवांत क्वचितच वाटलं आहे. चेंबर वर धरायला दादा होता. आधी चौदाही बोल्ट नुसत्या बोटांनी लावले. मग मधल्यापासून सुरुवात करून, समोरासमोरचे, एकदा इकडचा एकदा तिकडचा, प्रत्येकाला पाव वेढा. पुन्हा पहिल्यापासून पाव वेढा. बूच काठाबाहेर केसभर डोकावलं की थांबायचं. मी थांबले. दादा शेजारून म्हणाला, "अगं, हे तर हातानं बी सुटंल." मी म्हणाले, सोडवून बघ. त्याच्यानं सुटलं नाही. तेल भरलं, गाडी तासभर चालू ठेवली, मग खाली वर्तमानपत्र अंथरून ठेवलं. सकाळी वर्तमानपत्र कोरडं होतं. त्यावरच्या सिनेमाच्या जाहिराती स्वच्छ वाचता येत होत्या. मी ते घडी करून आबांना दाखवलं आणि नळावर पाणी भरायला गेले. दोन खेपा करून परत आले तोवर शेट गाडी घेऊन गेले होते.

नंतरचे आठ दिवस मी काय केलं ते नीट आठवत नाही, फक्त बोटांवर दिवस मोजले एवढं आठवतं. आबा खुशीत होते. लेथवाल्याला त्यांनी सांगितलं की ही गाडी आमच्या पोरीनं केली. लेथवाल्यानं ते थट्टेवारी नेलं, म्हणाला, "मिस्त्री, मग आता पोरीला गिरीज लावा आणि पोराला मेंदी." दादा हे ऐकून हसला, आणि मला त्याचा राग आला नाही. आज वाटतं, हसण्यापलीकडं तो बिचारा करणार काय होता.

तेरा तारखेला संध्याकाळी ती आकाशी गाडी एका ट्रकच्या मागे दोर बांधून आली. शेट म्हाताऱ्या आईला घेऊन कोकणात निघाले होते. गगनबावड्याच्या अलीकडं चढावर गाडीनं ओढ सोडली. इंजिन ओरडत होतं आणि चाकं जागच्या जागी. गिअरबॉक्सात तेलच उरलं नव्हतं. पावसात त्यांच्या आई तीन तास गाडीत बसून होत्या. मग एका ट्रकवाल्यानं त्यांना ओढत परत आणलं. शेट आरडाओरड करणारे नव्हते. आईला राजारामपुरीत बहिणीकडं पोचवून ते आमच्या दारात उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "मिस्त्री, तुमचं नाव ऐकून आलतो." रांगेतली पाच-सात माणसं जमली. आबांनी स्वतः खड्ड्यात उतरून चेंबर सोडवलं आणि वर दिलं. मी ताडपत्रीच्या आडून बघत होते. मग आड राहणं जमलं नाही, पुढं आले.

बूच चौदा ठिकाणी फाटलेलं होतं, प्रत्येक भोकातून आडवं. मधल्या भागात ते जिभेसारखं बाहेर लोंबत होतं. पण मी बूच बघितलंच नाही, मी काठ बघितला. हातोडीनं सकाळभर बसवलेला काठ पुन्हा चौदा ठिकाणी उचलला गेला होता. पाव पाव वेढ्यानं असं होत नाही. कोणीतरी माझ्यामागून पाना लावला होता आणि जीव खाऊन आवळलं होतं. जे मला दिसलं तेच आबांना दिसलं. त्यांचा अंगठा त्या काठावरून पहिल्या भोकापासून चौदाव्यापर्यंत सावकाश फिरला, आणि मला वाटलं, आता बोलतील.

शेटनी विचारलं, "कुणी बशिवलतं हे?"

आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. चेंबर खाली ठेवलं, हात पुसले आणि म्हणाले, "पोरीनं. पोरीचं काम ते शेट, हात कच्चा हाय. माझी चूक झाली, तिच्या हातात दिलं."

लेथवाला चुकचुकला. शेटनी मला नखशिखांत पाहिलं, रागानं नव्हे, आपली आई पावसात कोणामुळं अडकली ते बघून ठेवावं तसं. सकाळी नऊला येतो, असं म्हणून ते गेले. मी आत येऊन बसले. आईनं पुढ्यात कांदे सरकवले. मी कांदे चिरले. त्यामुळं डोळ्यांतून पाणी आलं त्याचा हिशेब कोणाला द्यावा लागला नाही.

दादा पाणी प्यायला आत आला तेव्हा मी त्याला सरळ म्हणाले की तूच पाना लावलास. तो तांब्या हातात धरून उभा राहिला. "मी न्हवं," तो म्हणाला. "आईच्यान मी न्हवं. आबांनी लावला. तू पाण्याला गेलतीस तवा." मग बाहेर बघून आवाज उतरवला. "एक पीळ देवाचा दिला. आणि मग म्हणालं, पोरीचं पयलं काम हाय, एक तिच्या नावाचा. असं दोन दोन पीळ दिलं. मी म्हणलं सुदिक, आबा, बूच हाय ते. तर म्हणालं, देवाच्या पिळानं काय फाटतंय व्हय."

हे ऐकून मला जे वाटलं त्याला मी चाळीस वर्षांत नाव देऊ शकलेले नाही. द्वेषानं केलं असतं तर सोपं होतं. त्यांनी माझ्या भल्यासाठी जास्तीचा पीळ दिला होता. देवाला साक्षी ठेवून, मायेनं, चौदा वेळा. माझ्या ओळखीच्या बायका आपल्या बापाबद्दल बोलताना आधी रडतात आणि मग सांगतात की मनानं फार चांगले होते हो. माझे आबाही मनानं चांगले होते. मी रडत नाही, कारण मनानं चांगल्या माणसानं त्या संध्याकाळी तोंडानं काय म्हटलं ते मी ऐकलं आहे.

जेवताना मी विषय काढला. आई म्हणाली, ताटावर नको. मी म्हणाले, आत्ताच. "आबा, पीळ तुम्ही दिला. शेटना का न्हाई सांगितलं?"

ते भाकरी कुस्करत राहिले. मला वाटलं नाकारतील, पण नाकारलं नाही. "तीस वर्सं ह्या हातानं नट आवळल्यात," ते म्हणाले. "मिस्त्रीच्या पिळानं फाटलं असं एकदा झालं, की उद्यापासनं दारात कोण येणार? पोरीचं म्हणलं तर लोक हसून सोडून देत्यात. तुला काय, तू उद्या लगीन करून जाणार."

"आणि फॉर्म?"

"गाडी सुकी ऱ्हायली काय?"

ते थट्टा करत नव्हते. त्यांच्या हिशेबी पैज ती पैज. थेंब पडला, सही नाही. ज्यानं फाडलं त्यानंच हे म्हणायचं, यात त्यांना काही खटकत नव्हतं, किंवा खटकत असेल तर त्यांनी त्यावरही पीळ दिला होता. आई एवढंच म्हणाली, "वाढू का आणि?" आबांनी ताटावर हात आडवा धरला. उठताना दाराशी थांबून म्हणाले, "सकाळी दुसरं काप. तुझ्यासारखं कुणाला जमत न्हाई."

अलीकडं गाडीचं काम करून घ्यायला गेले की तिथला मुलगा ट्यूबमधून काळा लगदा काठावर पिळतो, वाळला की तेच पॅकिंग. कापायचं नाही, भिजवायचं नाही, निवडायचं नाही. मी त्याला एकदा म्हटलं की अरे, आधी काठ बघ सरळ आहे का. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही आत पंख्याखाली बसा." कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केलेल्या बाईला तो दुसरं काय म्हणणार? मी आत जाऊन बसले.

चौदा तारखेला सकाळी मी पाचला उठले. आंघोळीचा बंब रोज मीच पेटवायची. शेणी ओलसर होत्या, पेट घेत नव्हत्या. मी मिठाच्या बरणीखालचा फॉर्म काढला, चारही पानं सुटी केली आणि एकेक करून बंबात घातली. शेवटचं, सहीचं पान जाड होतं, ते छान पेटलं. रागाच्या भरात केलं असं मी म्हणणार नाही, तेव्हा मी अगदी शांत होते. त्या दिवशी पाच वाजेपर्यंत मुदत होती, दहा वाजता जाऊन बाईंकडं दुसरा फॉर्म मागता आला असता. मी गेले नाही. हे कोणाच्या माथी मारता येत नाही म्हणून इथं लिहून ठेवते.

मग काठ पुन्हा बसवला. उरलेल्या बुचाच्या तक्त्यातून दुसरं पॅकिंग कापलं, भिजवलं. दुपारची वाट बघितली नाही. आठ वाजता, रांगेतली सगळी दुकानं उघडत असताना, परकर खोचून सगळ्यांसमोर खड्ड्यात उतरले. आबा गॅरेजच्या दारात उभे होते. चेंबर धरायला दादा न सांगता आला. पाव वेढा, समोरचा पाव वेढा. वर येऊन मी तेल भरलं; पाना आबांच्या हातात दिला नाही, रॉकेलच्या डब्यात टाकला.

शेट नऊला आले. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "शेट, हे बोल्ट हलकंच आवळायचं असत्यात. गळालं तर दोष माझा. पण ह्याला आमच्या घरातल्या कुणालाबी पाना लावू दिऊ नका. आबांना सुदिक."

लेथ थांबला होता. शेटनी आबांकडं बघितलं. "काय म्हणत्या ही, मिस्त्री?"

आबांच्या मानेवरची शीर उडताना मला दिसली. मला वाटलं मारतील. गॅरेजात त्यांनी दादाला मारलेलं मी पाहिलं होतं. ते पुढं आले, वाकून गाडीखाली एक नजर टाकली आणि सरळ झाले. "ती म्हणत्या तसं करा शेट," ते म्हणाले. "मागच्या खेपंला पीळ मी दिलता. बुचाला माझा हात चालत न्हाई."

ते हे सगळ्यांसमोर म्हणाले. काल संध्याकाळी म्हणायचं ते आज सकाळी म्हणाले, पंधरा तास उशिरा. शेट गाडी घेऊन गेले. लेथ पुन्हा सुरू झाला. मी सोड्यानं हात घासले आणि आत जाऊन परात घेतली, कारण भोंगा व्हायला आला होता आणि आईचं बोट चुलीवर भाजलं होतं.

आबा जेवायला बसले. पहिला घास मोडण्याआधी विजारीला हात पुसून त्यांनी खिशातलं पेन काढलं, गिऱ्हाइकाच्या पावतीवर सही करायचं ते, आणि ताटाशेजारी ठेवलं. मांडणीकडं बघून म्हणाले, "आण तो कागद."

मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

"कुठला कागद?" मी म्हणाले.